मानेतली काजळी

रविवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरातली झाकणं वाजायची. पहिला बार झाला की फळीवरची झाकणं एकमेकांवर थरथरायला लागायची आणि आई घावणे घालता घालता एक हात वर करून त्यांच्यावर ठेवायची, रडणाऱ्या पोराला थोपटावं तसा. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी रायफल क्लब होता, त्याच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, लष्करात हत्यारांच्या दुरुस्तीवर होते. तिथून सुटल्यावर क्लबनं त्यांना शस्त्रागार सांभाळायला ठेवलं आणि राहायला जागाही दिली. त्यामुळे इतर घरांत दूधवाल्याच्या हाकेनं दिवस उगवत असेल, आमचा रविवार बंदुकीच्या आवाजानं उगवायचा. पाहुणे दचकायचे. आई म्हणायची, "बसा हो, काय होत नाय, पोरां खेळतत." ती पोरं म्हणजे गाड्यांतून आलेले डॉक्टर, वकील, कारखानदार असायचे.

आमच्या बाहेरच्या खोलीला एक दार होतं ते क्लबच्या भरणीच्या खोलीत उघडायचं. भरणी म्हणजे झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरणं. तयार चांगली काडतुसं तेव्हा सहजी मिळत नसत, म्हणून क्लबनं परवाना काढून हे काम सुरू केलं होतं. परवान्याचा कागद काचेच्या चौकटीत भिंतीवर होता, शेजारी दत्ताचा फोटो, आणि अण्णा दोघांनाही उदबत्ती ओवाळायचे. दारूचं कपाट त्यांच्या किल्लीचं; त्याला मी कधी हात लावला नाही. माझ्याकडे होती पुंगळीची मान. जिथे गोळी बसते त्या वरच्या अरुंद भागाला अण्णा मान म्हणत. गोळीवर तांब्याचं कवच आणि मान पितळेची. दोन्ही कोरडी असली तर एकमेकांना नको तिथे धरून ठेवतात आणि गोळी नेमावरून सरकते. म्हणून गोळी बसवण्याआधी मानेला आतून ग्रॅफाइटच्या काळ्या भुकटीचा पुसटसा हात द्यायचा. ही भुकटी अण्णांनी आईच्या लग्नातल्या कुंकवाच्या करंड्यात भरून ठेवली होती. त्यात बारीक छर्रे घातलेले होते, म्हणजे पुंगळी उलटी बुडवून काढली की मानेला हवं तेवढंच लागायचं. आई त्या करंड्याकडे बघायचीसुद्धा नाही. "बायकोच्या कुंकवाच्या जागी काळा भरणारो ह्यो एकच घोव," असं ती सगळ्यांना सांगायची.

मान तयार झाली, की अण्णा दारू भरायचे, आणि मग प्रेसचा, म्हणजे दाबयंत्राचा, दांडा ओढून गोळी बसवायची. हे काम त्यांनी मला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना शिकवलं. माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवून त्यांनी दांडा खाली आणला आणि म्हणाले, "जोर काढू नको रे झिला. हाताक इचार. केळीच्या सोपात सुई जाता तशी जाऊक व्हयी." मला ते लगेच कळलं. खरंच कळलं. गोळी मऊ जाते म्हणजे काय आणि अडखळत जाते म्हणजे काय, हे आजही डोळे मिटले तर माझ्या उजव्या तळव्याला आठवतं. पुढे आयुष्यभर बँकेत बसून कागद हलवले, पण अंगात मुरलेली विद्या म्हणावी अशी माझ्याकडे एवढी एकच आहे.

मी नेमही धरायचो. क्लबच्या मोठ्या रायफलवर अण्णा मला मंगळवारी संध्याकाळी बसवायचे. मी वाईट नव्हतो. मेजरसाहेब, म्हणजे आमचे सेक्रेटरी, एकदा म्हणाले होते, "अण्णा, लडका तयार हो रहा है." त्या एका वाक्यावर मी कितीतरी महिने जगलो. आणि मग नलूनं रायफलला हात लावला.

नलू माझी धाकटी बहीण. ती रेंजवर चहाची किटली घेऊन यायची. एका मंगळवारी किटली खाली ठेवून म्हणाली, "अण्णा, मी एक मारू?" अण्णा हसले. मीच तिला आडवं कसं पडायचं ते दाखवलं, पट्टा तिच्या दंडाला मीच आवळला, आणि वर चिडवलं, "खांदा निखळला तर रडायचं नाही हं." ती म्हणाली, "तू आधी बाजूला हो, तुझी सावली पडतेय." मग ती गप्प झाली. ते तिचं गप्प होणं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एरवी घरात तोंडाला क्षणाचा आराम नसलेली ती पोरगी निवली, विहिरीचं पाणी वारा पडल्यावर निवतं तशी. तिच्या गोळ्यांची भोकं कागदावर एकमेकांत मिसळली होती. अण्णांनी तो कागद उजेडाला धरला, पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला, आणि घडी न घालता गुंडाळून खिशात ठेवला. माझा एकही कागद त्यांनी खिशात ठेवला नव्हता.

त्यानंतरचं सगळं बारीकसारीक आहे, सांगायला लाज वाटावी इतकं बारीक. रायफलच्या पट्ट्याला भोकं असतात. मी मंगळवारी रायफल घ्यायचो तेव्हा पट्टा नलूच्या भोकावर असायचा. मी तो माझ्या भोकावर आणायचो. पुढच्या वेळी पुन्हा तिच्या. हळूहळू तिचं भोक ताणून मोठं झालं आणि माझ्या भोकातलं चामडं कडकच राहिलं. अण्णांनी आईच्या जुन्या लुगड्याच्या घड्या शिवून तिच्या गालाखाली दस्त्यावर बांधायला गादी केली. तिला ताप आला तेव्हा त्यांनी मेजरसाहेबांकडून मोसंबी आणली. मला ताप आला असता तर आणली असती की नाही, याचा मी अंथरुणावर पडून विचार केला, आणि ताप यावा म्हणून ओल्या केसांनी व्हरांड्यात बसलो. आला नाही. जेवताना अण्णा तिला श्वासाबद्दल सांगायचे, "सोडलंस की थांब, मगे बोट," आणि बोलताना सुक्या बांगड्याचा मधला तुकडा त्यांच्या ताटातून तिच्या ताटात जायचा. मी कुळथाची पिठी भुरकत माझ्या ताटातल्या शेपटीकडे बघायचो. आईला सगळं दिसत होतं. "वसूच्या पोटात दुखता," ती माझ्याकडे बघून हसत म्हणायची, "ओवा दी रे कोणीतरी त्याका." सगळे हसायचे. मीही हसायचो. माणूस कशावर हसतो आणि आत काय घेऊन बसतो याचा काही ताळमेळ नसतो, हे मला त्या ताटावर कळलं.

राज्याच्या संघासाठी निवड चाचणी आमच्याच रेंजवर ठरली. क्लबमधून एकच नाव पाठवायचं होतं, कारण परदेशातून आलेल्या एका सभासदानं चांगल्या गोळ्यांचा एक छोटा खोका दिला होता आणि तो एकालाच पुरणार होता. अण्णांनी संध्याकाळी जेवायच्या आधी सांगून टाकलं. "नलू मारीत. वसू भरीत." चार शब्द. मी म्हटलं, "मला काय, मी भरतो." आवाज बरा निघाला असावा, कारण नलू ताबडतोब म्हणाली, "दादा, तू भरलेलीच हवीत मला. अण्णांचा हात हल्ली जड झालाय." अण्णा रागावले नाहीत. त्यांनी स्वतःचा पंजा उलटा करून पाहिला, बोटं उघडली, मिटली, आणि म्हणाले, "खरा आसा." मला त्या वेळी त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, माझी समजूत घालताहेत.

आता जे मी केलं ते का केलं, हे मी आजवर स्वतःला वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं आहे. मला माझीच भीती वाटत होती. मनात इतकी आग असताना हे काम माझ्या हातून नीट होईल ना, कुठेतरी कमी राहून जाणार नाही ना, आणि राहिली तर ती चुकून राहिली असं मला तरी पटेल का. म्हणून मी ठरवलं की कोणी कधी केलं नसेल इतकं चांगलं करायचं. आदल्या दिवशी आईनं सोलकढी केली होती. आमच्या घरी कढीची पिळलेली आमसुलं टाकत नाहीत. ती वाटीत मोरीपाशी ठेवतात आणि त्यांनी समई, तांब्या, ताम्हण घासतात. पितळ कसं सोन्यासारखं निघतं. मी ती वाटी उचलली. अण्णा पुंगळ्या नुसत्या कोरड्या फडक्यानं बाहेरून पुसायचे. मला वाटलं, कंटाळा. मी प्रत्येक पुंगळी आमसुलानं घासली, बाहेरून घासली आणि काडीला आमसूल गुंडाळून मानेच्या आतूनही घासली, काळं येईनासं होईपर्यंत. धुतल्या, गच्चीवर उन्हात मांडल्या. शेजारच्या इमारतीतली मुलं कठड्यावर येऊन विचारायला लागली, "ए दादा, सोनं वाळवतो काय रे?"

दुपारी अण्णा भरणीला आले आणि दारातच थांबले. "आवशीक खाव," ते म्हणाले, "काडतुसां भरूची आसत की नवऱ्याक वरातीत घालूची?" मग जवळ येऊन एक पुंगळी उचलली, बोटांत फिरवली. "हात चांगलो आसा तुजो. मेहनतीचो हात." किती महिन्यांनी ते माझ्याशी असं बोलले होते. माझे कान तापले. त्यांनी आत डोकावलं नाही, त्यांचा चष्मा खिशात होता. मी माना करंड्यात बुडवून दिल्या, त्यांनी पुंगळ्यांच्या बुडाला ठिणगीची कॅप बसवली, दारू भरली, कपाटाला कुलूप घातलं आणि निशाणाच्या चौकटी उभ्या करायला रेंजवर गेले. मी दांड्याशी बसलो.

पहिली गोळी मऊ गेली. दुसरी गेली नाही. म्हणजे गेली, पण मध्येच धरली, सुटली, पुन्हा धरली. एखाद्या दाराची कडी गंजल्यावर सरकते तशी. मी पुढची घेतली. मऊ. मग पुन्हा अडखळती. कुठल्या मानेत ओल राहिली असेल, तिथे भुकटीची ढेकळं झाली. कुठे घासून इतकं कोरं झालं की भुकटी धरलीच नाही. माझ्या तळव्याला सगळं कळत होतं आणि दारू भरलेली असल्यामुळे मागे जायची सोय नव्हती. मी अण्णांना हाक मारायला उठलो आणि दारात थांबलो. काय सांगणार होतो? की ज्याच्या पोटात दुखतं असं घरभर म्हणतात त्याच्याच हातून नलूची काडतुसं बिघडली? कोणाला पटलं असतं? मला पटलं असतं का? आणि ते मघाचं वाक्य, मेहनतीचो हात, ते परत करावं लागलं असतं. मी पुन्हा बसलो. मऊ गेलेली डावीकडे, अडखळलेली उजवीकडे, अशी सगळी लाकडी ठोकळ्यात वेगळी लावली.

सकाळी नलू चुलीपाशी घावणे खात होती. आई तुळशीला पाणी घालायला बाहेर गेल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं. ती चावायची थांबली. मला वाटलं, आता ती तो प्रश्न विचारेल. तिनं विचारलं, "मऊ किती गेल्यात?"

"चाचणीला लागतील त्यापेक्षा एक कमी."

"मग ठीक आहे ना. उजवीकडची सुरुवातीच्या अंदाजाच्या नेमांना वापरू. ते कोण मोजतंय? मोजायच्या वेळी डावीकडची दे. शेवटची एक बघू." तिनं घावण्याचा तुकडा खोबऱ्यात बुडवला. "आणि अण्णांना सांगू नको. वाट लावतील तुझी."

"नलू, मी मुद्दाम नाही गं केलं."

ती माझ्याकडे बघत राहिली, अगदी कोड्यात पडल्यासारखी. "मुद्दाम कशाला करशील?" ती म्हणाली. तिला खरंच सुचलं नव्हतं. त्या क्षणी मला तिचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता. तिच्या हातापेक्षा, डोळ्यापेक्षा, मला तिच्या या न सुचण्याचा हेवा वाटला.

रेंजवर नेमबाज आडवा असतो आणि त्याला स्वतःची भोकं तिथून दिसत नाहीत. क्लबची दुर्बीण एकच होती, ती तिच्या मागे तिकाटण्यावर लावून मी बसलो होतो. बोलायचं नव्हतं. प्रत्येक बारानंतर ती मान वळवून माझ्याकडे बघायची. बरोबर असेल तर मी मान हलवायची, गोळी सरकली असेल तर त्या बाजूच्या खांद्याला हात लावायचा. काडतुसंही मीच एकेक काढून तिच्या चटईवर ठेवत होतो. मऊ गेलेली काडतुसं तिनं अशी मारली, की मी दुर्बिणीतून बघत राहिलो आणि मान हलवत राहिलो, नंदीबैलासारखा. बाजूला मेजरसाहेब उभे होते. अण्णा दूर होते, कडुनिंबाखाली, पाठ करून. त्यांना बघवत नव्हतं. वारा नव्हता. सगळं तिच्याच मनासारखं चाललं होतं, आणि दर वेळी मान हलवायला मला जास्त जोर लागत होता.

शेवटचं काडतूस उजवीकडचं होतं. दुसरं नव्हतंच. मी ते चटईवर ठेवलं. तिनं घेतलं, भरलं, गादीवर गाल टेकला. गप्प झाली. बार झाला. मी दुर्बिणीला डोळा लावला आणि मला ते भोक दिसलं, काळ्या गोलाच्या अगदी कडेला, अर्धं पांढऱ्यात. बाकीच्या झुबक्यापासून दूर, एकटं.

मला बरं वाटलं. याहून वेगळ्या शब्दांत ते लिहिता येत नाही. आतलं सगळं एकदम सुटलं, अंगभर गार वाटलं, आणि मी दुर्बिणीवरून डोळा काढला तेव्हा मी हसत होतो. नलू मान वळवून माझ्याकडेच बघत होती. माझा चेहरा बघून तिचाही चेहरा उजळला. तिनं मूठ वर केली, पट्टा सोडला, उठून बसली आणि ओरडली, "अण्णा! झकास गेली!" अण्णा कडुनिंबाखालून पळत आले. त्या वयात, लुंगी सावरत, पळत.

कागद आणला. मेजरसाहेबांनी भिंग लावलं. "अरे बेटा, ये आखरी वाली कहाँ चली गई?" नलूनं कागदाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मेजरसाहेबांनी बेरीज केली. नलूचं नाव राखीव म्हणून लागलं. राखीव म्हणजे कोणी आजारी पडलं तर. कोणी पडलं नाही. संघ तिच्याशिवाय गेला, आणि पुढच्या वर्षापर्यंत तिचं लग्न ठरलं.

संध्याकाळी व्हरांड्यात ती माझ्याजवळ येऊन बसली. "तू हसलास ना रे?"

"तुला धीर यावा म्हणून," मी म्हटलं. इतकं पटकन म्हटलं, की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

मग तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "वेडा आहेस," म्हणाली. आणि मग ती रडली.

दुसऱ्या दिवशी अण्णा रिकाम्या पुंगळ्या आवरत होते. चष्मा लावला होता. एका पुंगळीच्या मानेत त्यांनी करंगळी घातली, बाहेर काढून बघितली. मग दुसरी. "आतून कोणी घासलान?" मग माझ्याकडे वळले. "आतली बाराची काजळी कित्याक काढलंस रे? तीच तर वंगण. थोडी काजळी आत रवाक व्हयी." मी तोंड उघडायच्या आत नलू आतून म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्याला, चकचकीत करून दे म्हणून." अण्णा तिच्यावर त्या दिवशी जे ओरडले ते पहिलं आणि शेवटचं. मी तिथेच होतो. तिला बोलणी खाताना मी बघत होतो, आणि खोटं सांगणार नाही, तेव्हाही आत कुठेतरी एक कोपरा निवांत होता.

ती शेवटची गोळी मानेमुळे गेली, की नलूचा श्वास चुकला, हे कोणालाच सांगता यायचं नाही. माझ्या एका नातलगानं, जो या खेळात पुढे बराच नावाजला, मला सांगितलं की एवढ्यानं गोळी इतकी जात नाही. त्याला वाटलं मला बरं वाटेल. पण मी गोळीबद्दल विचारत नव्हतो. अण्णा गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी पंजा उलटा करून म्हटलेलं "खरा आसा" मला फार उशिरा उलगडलं. त्यांच्या हातातली जाण गेली होती, आणि घरातलं सगळ्यात जोखमीचं काम त्यांनी ज्याच्यावर भरवसा होता त्याला दिलं होतं. मी मात्र तेव्हा बांगड्याच्या तुकड्याचा हिशेब करत बसलो होतो.

नलू आता मुलुंडलाच असते, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. गेल्या गणपतीत आम्ही सगळे तिच्याकडे होतो. तिच्या घरात नवी सून आली आहे, आणि नवं माणूस आलं की नलू ती गोष्ट सांगतेच. चाळीस वर्षं सांगते आहे. पंगतीत बसून, हातवारे करून. काडतुसं कशी बिघडली होती ते ती सांगत नाही, अजूनही नाही. ती सांगते, "आणि शेवटची गोळी गेली की गं बाहेर! माझ्या भावाला दुर्बिणीतून दिसलं सगळं. पण मी वळून बघते तर हा हसतोय. का? तर मला धीर यावा म्हणून! मला वाटलं जिंकले. निदान पाच मिनिटं तरी मी जिंकलेली होते, ती ह्याच्यामुळे. असा भाऊ बघितलायस?" आणि मग ती ते हसू करून दाखवते. अगदी हुबेहूब करते. माझा तेव्हाचा तो सुटलेला, गार झालेला चेहरा तिच्या चेहऱ्यावर येतो, आणि मी मान खाली घालतो, आणि सगळ्यांना वाटतं मी संकोचलो.

या वेळी ती तिथवर आली तसा मी उठलो आणि आत गेलो. मोरीपाशी कढीच्या पिळलेल्या आमसुलांची वाटी होती, शेजारी आरतीनंतरचं तेलकट, काळं पडलेलं ताम्हण. मी नळ सोडला आणि घासायला लागलो. बाहेर सगळे हसले, म्हणजे तिनं ते हसू करून दाखवलं असणार. "दादा," ती ओरडली, "आत काय करतोयस? बाहेर ये, तुझंच कौतुक चाललंय!"

"आलो," मी म्हटलं, आणि घासत राहिलो.